आटपाट नगराचा नकाशा

एका जादूगाराला मारायचे आहे. त्याच्या अंगावर वार करून उपयोग नाही, कारण त्याचा प्राण त्याच्या शरीरात नाहीच. तो दूर रानात आहे. रानाच्या मधोमध ताडांचे रिंगण, रिंगणात पाण्याने भरलेल्या सहा घागरी एकीवर एक रचलेल्या, सगळ्यांत खालच्या घागरीखाली छोटा पिंजरा आणि पिंजऱ्यात हिरवा पोपट. पोपट जिवंत तोवर जादूगार जिवंत. भोवती राक्षसांचा पहारा. ही माहिती मिळते ती कैदेतल्या राणीने जादूगाराला गोड बोलून बोलते केल्यावर. मग तिचा मुलगा निघतो. वाटेत तो गरुडाची पिले सापापासून वाचवतो आणि पुढे तीच पिले त्याला पहाऱ्यावरून उडवत नेतात. पोपट हाती आल्यावरही तो घाई करत नाही. जादूगाराने ज्यांचे दगड केले होते त्या सगळ्यांना आधी परत माणसे करायला लावतो. मगच पोपटाचा पंख उपटतो आणि जादूगाराचा हात गळून पडतो.

संगणकावरच्या साहसी खेळाला जे जे लागते ते सगळे या गोष्टीत आहे. बोलण्यातून काढलेली माहिती, वाटेत केलेली मदत पुढे कामी येणे, वस्तू मिळवण्याचा क्रम, शेवटची सौदेबाजी, सगळे जागच्या जागी. गोष्टीचे नाव ‘पंचकिन’. 1865-66 च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर दक्षिण मराठा मुलखाच्या दौऱ्यावर होते. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, धारवाड या पट्ट्याला तेव्हा हेच नाव होते. सोबत त्यांची मुलगी मेरी होती आणि तिच्या दिमतीला ॲना लिबराटा डिसूझा ही आया. ॲनाने आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी मेरीला सांगितल्या, मेरीने त्या इंग्रजीत उतरवल्या आणि 1868 मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक निघाले. ‘पंचकिन’ ही त्यातली पहिलीच गोष्ट.

परीकथांवर आणि लोककथांवर मुलांसाठी संगणकाचे खेळ निघू लागून चाळीस वर्षे उलटली. या काळात मराठी मुलाच्या वाट्याला काय आले, आपल्या गोष्टींचा खेळ का झाला नाही आणि करायचा तर अडते कुठे, याचा हा आढावा आहे.

सुरुवात अमेरिकेतली. 1984 मध्ये सिएरा या कंपनीने ‘किंग्ज क्वेस्ट’ आणला. तो रचला रोबर्टा विल्यम्स यांनी. राज्यात हरवलेल्या तीन मौल्यवान वस्तू शोधायच्या आणि वाटेत एकेक परीकथा भेटत जायची, अशी त्याची मांडणी. चेटकिणीचे खाऊचे घर आहे, आभाळाला भिडणारा वेल आहे, पुलावर अडवणारा राक्षस आहे. हा पुलावरचा राक्षस नीट पाहण्यासारखा आहे. पूल ओलांडायचा कसा, हे खेळ सांगत नाही. पण तीन बोकड आणि पुलाखालचा राक्षस ही गोष्ट लहानपणी ऐकलेल्या युरोप-अमेरिकेतल्या मुलाला लगेच सुचते की बोकड शोधला पाहिजे. गाजर दाखवून बोकडाला पुलापर्यंत आणायचे, तो शिंगांनी राक्षसाला उडवून देतो. तिथे आधी ऐकलेली गोष्टच उत्तर पुरवते.

याच खेळात एक बुटका आपले नाव ओळखायला सांगतो. ग्रिमची कथा माहीत असलेल्याला नाव येते, पण ते सरळ लिहून चालत नाही. चेटकिणीच्या घरात उलटा विचार करावा अशी चिठ्ठी सापडते, आणि उलटा म्हणजे इंग्रजी मुळाक्षरेच उलट्या क्रमाने लावून त्या सांकेतिक लिपीत नाव लिहायचे. या कोड्यावर तिकडचीही मुले वैतागली आणि 1990 च्या सुधारित आवृत्तीत ते सोपे करावे लागले. कोल्हापूरच्या मुलाला तर इथे दोन कुलपे होती. भाषा परकी आणि भाषेआडची गोष्टही परकी. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासला गेलेल्या आमच्या पिढीने ‘डेव्ह’ आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ मनसोक्त खेळले, त्यामागे हेही कारण होते. त्यांत वाचावे लागत नव्हते आणि कुठली गोष्ट माहीत असावी लागत नव्हती. उडी मारता आली की झाले.

खास लहान मुलांसाठी रोबर्टा विल्यम्स यांनी 1987 मध्ये ‘मिक्स्ड-अप मदर गूज’ केला. बालगीतांच्या देशात सगळ्यांच्या वस्तू हरवल्या आहेत, त्या शोधून ज्याच्या त्याला द्यायच्या. टाइप करायचे काही नाही. एका वेळी एकच वस्तू हातात, आणि प्रत्येक डावात वस्तूंच्या जागा वेगळ्या. 1991 मध्ये त्याच धर्तीवर ‘मिक्स्ड-अप फेअरी टेल्स’ आला. त्यात सिंड्रेला, हिमगौरी, जॅक आणि वेल, ब्रेमेनचे गवई, सुंदरी आणि पशू अशा बिघडलेल्या गोष्टी दुरुस्त करायच्या होत्या. या दोन्ही खेळांचे मोठेपण असे की मुलाला गोष्ट ठाऊक आहे हे ते धरून चालतात आणि ती सावरण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकतात. आजीने मुद्दाम चुकवून सांगितलेली गोष्ट नातवंड तावातावाने दुरुस्त करते, तोच आनंद आहे हा.

आता आपल्याकडचा ऐवज पाहू. मराठीत मुलांसाठी छापील गोष्टी जवळजवळ दोनशे वर्षांच्या आहेत. इसापाच्या नीतिकथा 1828 मध्येच मराठीत आल्या. वा. गो. आपट्यांचे ‘आनंद’ मासिक 1906 चे. बालभारतीचे ‘किशोर’ 1971 मध्ये सुरू झाले आणि त्याचे जुने अंक आज कुणालाही फुकट वाचायला मिळतात, ही फार मोठी सोय आहे. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीमार्फत खेड्यापाड्यांतून गोळा करून छापलेले खंड आहेत. श्रावणातल्या कहाण्या आहेत. त्या चार्ल्स किंकेड यांनी 1914 मध्ये ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या नावाने इंग्रजीत नेल्या, तेव्हा चित्रे काढली महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी. धुरंधर कोल्हापूरचे, जन्म 1867 चा. आटपाट नगरातली माणसे कशी दिसतात, नेसतात, बसतात, हे एका कोल्हापूरकराने शंभर वर्षांपूर्वीच रंगवून ठेवले आहे. खेळासाठी चित्रशैली शोधणाऱ्याने जपानी कार्टूनकडे वळण्याआधी हे पुस्तक उघडावे.

पण या सगळ्यात मला खेळाच्या दृष्टीने अव्वल वाटतो तो वेताळ. वेताळाच्या गोष्टी घरोघरी नेणाऱ्या ‘चांदोबा’ मासिकाची मराठी आवृत्ती 1952 ची. पाठीवर प्रेत घेतलेला, हातात तलवार धरलेला विक्रम ज्या चित्रात दिसतो ते चित्रकार शंकर यांचे चित्र कित्येक घरांत अजून डोळ्यांपुढे येईल. मासिक बंद पडले, गोष्टी राहिल्या. मुळात त्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तल्या. तो ग्रंथ स्वतःला गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’चा वारस म्हणवतो, आणि गुणाढ्य सांगितला जातो प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या दरबारातला.

वेताळाची अट अशी. वाटेत राजाने बोलायचे नाही. वेताळ गोष्ट सांगणार, शेवटी प्रश्न विचारणार. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील, आणि बोललास तर मी परत झाडावर. म्हणजे बरोबर उत्तर दिले की पुन्हा पहिल्यापासून चालत जायचे. संगणकाच्या खेळात चुकल्यावर मागे जावे लागते, इथे बरोबर आल्यावर. असा उलटा फास मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेला नाही. आणि तो सुटतो कसा? शेवटच्या गोष्टीतला नात्यांचा गुंता राजाला खरोखरच सुटत नाही, म्हणून तो खरोखर गप्प राहतो. ज्या संन्याशासाठी राजा हे प्रेत वाहून नेत असतो, त्याचा कट वेताळ खूश होऊन त्याला सांगतो. संन्यासी साष्टांग नमस्कार घालायला सांगेल तेव्हा म्हण, मी राजा आहे, मला सवय नाही, आधी तू करून दाखव. संन्यासी वाकतो आणि त्याचे मस्तक उडते. शेवटचा सामना एका वाक्यावर जिंकायचा. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला यापेक्षा चांगले कोडे कोण देणार? दूरदर्शनवरच्या मालिकेत वेताळ पाहिला गेला, पण पाहणाऱ्याच्या जिभेवर राजाची ती जोखीम येत नाही. खेळात बोलायचे की गप्प राहायचे हे मुलालाच ठरवावे लागेल.

महाराष्ट्रात काहीच झाले नाही असे नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ हा खेळ जगभर विकला. राक्षसांनी पळवलेल्या लहान भावाला सोडवायला निघालेली मुलगी, वाटेत दुर्गेचे पाठबळ, मधले प्रसंग छायाबाहुल्यांतून सांगितलेले. पुण्यात बसून एवढे देखणे काम होऊ शकते, हे त्या खेळाने सिद्ध केले. मात्र त्यातले महाल राजस्थानी वळणाचे आणि रंग पहाडी लघुचित्रांचे आहेत. खेळाचा भरही लढाईवर आहे, त्यामुळे सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी तो नव्हे. हैदराबादच्या ‘असुरा’चेही तसेच. पुराणकथांचा पोशाख आपल्याकडच्या खेळांना चढू लागला आहे. गोष्टीचा कावा, म्हणजे युक्तीने सुटण्याची जी रीत लोककथेत असते, ती अजून खेळात उतरलेली नाही. छायाबाहुल्यांचेच घ्या. कोल्हापूरहून घाट उतरून कुडाळजवळ पिंगुळीला गेले की ठाकर समाजाच्या चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी आजही पाहायला मिळतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीत सुटी चित्रे एकामागून एक समोर धरून कथा गायली जाते. प्रसंगामागून प्रसंग पडद्यावर आणण्याची ती तयार पद्धत आहे.

बाहेर हे काम मनापासून कुणी केले असेल तर अलास्कात. अँकरेजच्या कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल या आदिवासींच्या संस्थेने एका अमेरिकी खेळकंपनीबरोबर 2014 मध्ये ‘नेव्हर अलोन’ केला. एक मुलगी आणि पांढरा कोल्हा न थांबणाऱ्या हिमवादळाचे मूळ शोधत निघतात. गोष्ट इनुपियाक लोकांची, निवेदन त्यांच्याच भाषेत, इंग्रजी फक्त खाली अक्षरांत. ही भाषा बोलणारी माणसे काही हजार. मूळ कथा ज्या रॉबर्ट नासरुक क्लीव्हलँड यांनी सांगितली होती त्यांच्या मुलीची परवानगी घेऊनच काम सुरू झाले. खेळताना मध्येमध्ये छोट्या फिती खुल्या होतात आणि गावातली वडीलधारी माणसे बर्फाबद्दल, शिकारीबद्दल, भुतांबद्दल बोलतात. मेक्सिकोत ताराउमारा लोकांच्या दंतकथांवर 2018 मध्ये ‘मुलाका’ झाला. काही हजारांच्या भाषेला हे जमते, तर आठ कोटींहून अधिक लोकांच्या भाषेला का जमू नये, हा प्रश्न मला छळतो.

लहानांच्या खेळात मरण असावे का, हा जुना वाद आहे. सिएराच्या खेळांत पावलोपावली मरण होते. उलट रॉन गिल्बर्ट यांनी ‘मंकी आयलंड’मध्ये ते जवळजवळ काढून टाकले आणि पुढे 1992 मध्ये ह्युमंगस एंटरटेनमेंट काढून छोट्या मुलांसाठी केलेल्या खेळांत तर हरण्याचीच भीती ठेवली नाही. जिथे बोट लावाल तिथे काहीतरी गमतीचे घडते. सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी मी याच बाजूचा आहे. पण आपल्या गोष्टींतली भीती पुसून टाकू नये. चिमणी-कावळ्याची गोष्ट आठवा. पाऊस पडतो, शेणाचे घर वाहून जाते, कावळा दारावर येतो आणि चिमणी एकेक सबब सांगत दार उघडायचे लांबवते. खेळात दार मुलाच्या बोटाखाली असेल. बाहेर कावळा भिजतो आहे, आत पिलाची आंघोळ चालली आहे. काही मुले लगेच दार उघडतील, काही थांबतील, आणि दोघांनाही पुढे वेगळी गोष्ट मिळावी. गोष्ट ऐकताना चिमणीची बाजू घेणारे मूल इथे काय करेल, हे पाहायला मला फार आवडेल.

आणि भोपळा. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत खायला टपलेले कोल्हा आणि वाघ, जाताना दिलेला वायदा, येताना भोपळ्यात बसून केलेली सुटका. एकच रस्ता, दोन फेऱ्या, पाच-सहा ठिकाणे. पहिल्या फेरीत मुलाने कुणाला काय सांगितले ते दुसऱ्या फेरीत लक्षात ठेवायचे. परतीच्या वाटेवर म्हातारी आत बसलेली असल्यामुळे तिला बाहेरचे दिसत नाही, म्हणून पडदाही अंधारा ठेवावा. समोर कोण आहे ते मुलाने आवाजावरून ओळखावे आणि उत्तर द्यावे. यासाठी महागडी चित्रे लागत नाहीत, चांगला आवाज लागतो.

आवाजाचा मुद्दा साधा नाही. सात वर्षांचे मूल अडखळत वाचते, म्हणजे सगळा खेळ बोलका हवा. मग बोलायचे कुणी आणि कसे? पाठ्यपुस्तकी मराठीत म्हातारी वाघाला म्हणेल, “मी फार अशक्त आहे.” आमच्याकडची म्हातारी म्हणेल, “मला खाऊन काय मिळणार रं तुला? हाडंच हायती नुसती. लेकीकडनं येताना चार घास खाऊन येते, मग बघ.” या दुसऱ्या म्हातारीवर वाघ विश्वास ठेवेल. करवीर तालुक्यातली मुले घरी जी भाषा ऐकतात ती पडद्यावरून ऐकू आली, तर शाळेत ती चुकीची ठरत असल्याचा सल थोडा तरी कमी होईल. वैदर्भी, मालवणी, अहिराणी आवाज नंतर जोडता येतील. गोष्ट तीच राहील.

अक्षरांची अडचण वेगळी आणि अगदी ठोस आहे. साहसी खेळात हमखास लागणारा एक शब्द घ्या, किल्ली. पहिली वेलांटी उच्चारात क नंतर येते, पण दिसते क च्या आधी. दोन ल एकमेकांत मिसळून जोडाक्षर होतात. ही मांडणी मजकूर रचणाऱ्या प्रणालीला शिकवावी लागते. खेळ बनवण्याची बरीच प्रचलित साधने रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून घडली. त्यांत वेलांटी क च्या पाठीमागेच राहते, पुढच्या ल ला चिकटल्यासारखी दिसते, जोडाक्षर सुटून खाली हलन्ताचे शेपूट लोंबते. नुकतेच वाचायला शिकलेले मूल तिथेच थांबते. यावर पळवाट म्हणून अनेक जण प्रत्येक शब्दाचे चित्र करून लावतात आणि एक चूक सुधारायची तर सगळे पुन्हा काढतात. सुदैवाने ‘गोडॉट’ या फुकट आणि खुल्या साधनाच्या 2023 मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी नीट उमटते. तंत्राची सबब आता उरलेली नाही.

उरतात पालक आणि पैसा. ‘गेम’ म्हटले की घरात काय आठवते? बंदूक, नाहीतर पैसे लावणे. 2020 मध्ये पबजीवर बंदी आली, 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा झाला. त्याच कायद्यात शैक्षणिक आणि निखळ करमणुकीच्या खेळांना उत्तेजन देण्याचीही भाषा आहे, ती मात्र कुणाच्या कानावर गेलेली नाही. राज्य मंत्रिमंडळानेही 2025 मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरण मंजूर केले. धोरणातला पैसा मोठ्या शहरांतल्या मोठ्या इमारतींकडे वाहतो, हा आजवरचा अनुभव आहे. मराठी बालखेळांसाठी त्यातला छोटा वाटा नाव घालून बाजूला काढला पाहिजे, कारण बाजार तो देणार नाही. मुलांच्या पुस्तकाला खिशात हात घालणारे पालक फोनवरच्या खेळाला पैसे द्यायला तयार नसतात, आणि फुकट खेळात जाहिराती घुसतात. लहान मुलांच्या खेळात जाहिरात नकोच, या मतावर मी ठाम आहे.

कोल्हापुरात माणसे आहेत. बाबूराव पेंटरांनी इथेच स्वतः कॅमेरा बनवून चित्रपट काढले, 1929 मध्ये प्रभात कंपनी इथेच जन्मली. कलानिकेतन आणि दळवीज आर्ट्समधून दरवर्षी हाताला वळण असलेली मुले बाहेर पडतात. गोकुळ शिरगावला आणि कसबा बावड्यात अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत, तिथे शेवटच्या वर्षाला प्रकल्प करावाच लागतो. शिवाजी विद्यापीठाच्या मराठी विभागात लोकसाहित्याचे अभ्यासक आहेत. ‘चिल्लर पार्टी’ ही चळवळ महापालिका शाळांतल्या मुलांना जगभरचे बालचित्रपट दाखवते, म्हणजे मुलांना एकत्र बसवून काही चांगले दाखवायची सवयही या गावाला आहे. ही मंडळी एकमेकांना भेटत नाहीत, एवढेच अडले आहे. एका शैक्षणिक वर्षात, चित्रकलेचे चार विद्यार्थी, संगणकाचे दोन आणि गोष्ट सांगणारी एखादी आजी मिळून भोपळ्याचा अर्ध्या तासाचा खेळ पुरा करू शकतात. वेताळ त्यानंतर. त्याला लिहिणारा कसलेला हवा.

काम सुरू करताना एक गोष्ट पहिल्या दिवशीच ठरवून घ्यावी. लोककथेवर कुणाची मालकी नसते, पण ती जिच्या तोंडून ध्वनिमुद्रित केली तिचे नाव खेळात ठळक यावे आणि मिळकत झाली तर तिचा हिस्सा लेखी असावा. चित्रकथीची शैली वापरली तर पिंगुळीच्या कलाकारांना कामावर घ्यावे, त्यांची नक्कल करून घेऊ नये. आणि खेळ तयार झाला की तो आधी महापालिकेच्या एखाद्या शाळेत दुसरीच्या वर्गात न्यावा, काही न सांगता मुलांच्या हाती द्यावा आणि ती कुठे अडतात, कुठे उठून जातात, ते मागे उभे राहून लिहून घ्यावे.